डीमन स्लेयर की जुजुत्सु काइसेन? भांडायच्या आधी दोन्हीकडची फाईट कशी चालते ते बघू

जुजुत्सुमधला सगळ्यात ताकदवान मांत्रिक गोजो आणि डीमन स्लेयरमधला राक्षसांचा राजा मुझान समोरासमोर आले तर कोण जिंकेल यावर लोकं रात्र रात्र वाद घालतात, स्क्रीनशॉट टाकतात, एकमेकांना ब्लॉक करतात आणि हाती काहीच लागत नाही. लागणार पण नाही, कारण डीमन स्लेयरमध्ये जिंकणं म्हणजे जे असतं ते जुजुत्सु काइसेनमध्ये नसतंच. दोन्ही मालिका जपानच्या शोनेन जंप या एकाच साप्ताहिकातून आल्या, दोन्हीत शाळकरी वयाचा पोरगा राक्षसांशी लढतो, दोन्हीत हजार वर्षं जुना एक खलनायक शेवटी दबा धरून बसलाय, म्हणून वरवर बघणाऱ्याला वाटतं की एकच माल दोन पाकिटांत आलाय. पण दोन्हींमधली एकेक फाईट नीट उलगडून बघितली की कळतं, एकीकडे जो शेवटपर्यंत टिकतो तो जिंकतो आणि दुसरीकडे ज्याला नियम जास्त नीट कळलेत तो जिंकतो, आणि बाकी सगळं, म्हणजे ॲनिमेशन, खलनायक, अगदी माणसं मरतात कशी इथपर्यंत, सगळं ह्या एका फरकातून आलेलं आहे.

पुढे मुगेन ट्रेन (डीमन स्लेयरचा सिनेमा) आणि शिबुया (जुजुत्सुतला एक मोठा भाग) दोन्हीचे स्पॉयलर आहेत, भरपूर आहेत. ज्यांनी अजून काहीच बघितलं नाहीये त्यांनी सरळ शेवटच्या दोन पॅरांवर जा, कुठून सुरुवात करायची ते तिथे आहे.

कुंडली पटकन सांगून टाकतो. डीमन स्लेयर ही कोयोहारू गोतोगे यांची मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, २०१६ ते २०२०, २०५ चॅप्टर, २३ खंड, आणि ॲनिमे यूफोटेबल स्टुडिओचा, एप्रिल २०१९ पासून. जुजुत्सु काइसेन गेगे आकुतामी यांची, २०१८ ते २०२४, २७१ चॅप्टर, ॲनिमे मापा स्टुडिओचा, ऑक्टोबर २०२० पासून. पहिलीची गोष्ट घडते ताइशो काळात, म्हणजे साधारण शंभर वर्षांपूर्वीचा जपान, आगगाडी आली आहे पण डोंगरातली माणसं अजून कोळसा विकून पोट भरतायत. दुसरीची गोष्ट आजच्या टोकियोत, मेट्रो स्टेशन, मॉल, मोबाईल, ऑफिस.

आता डीमन स्लेयरची फाईट. नियम जवळजवळ एकच आहे, राक्षसाची मान निचिरिन नावाच्या खास तलवारीने उडवा नाहीतर त्याला उन्हात आणा. झालं. विस्टेरियाच्या फुलांचं विष वगैरे आहे, पुढे वरच्या क्रमांकाच्या राक्षसांमध्ये थोडे फाटे फुटतात, ग्यूतारो आणि डाकी या भावंडांच्या माना एकाच वेळी उडवाव्या लागतात, पण मूळ हिशोब लहान मुलाला सुद्धा एका वाक्यात सांगता येतो. आणि अडचण पण एकदम सरळ आहे, राक्षसाचा हात तोडला तर परत उगवतो, माणसाचा तोडला तर तुटला तो तुटलाच. राक्षस दमत नाही, माणूस दमतो. म्हणजे प्रत्येक फाईट ही सूर्य उगवेपर्यंत किंवा मान सापडेपर्यंत तग धरण्याची आहे, आणि घड्याळ कायम माणसाच्या विरोधात चालू आहे.

मग माणूस टिकतो कसा, तर श्वासावर. फुफ्फुसं पूर्ण भरून रक्तात इतका ऑक्सिजन ढकलायचा की शरीर काही क्षण राक्षसाच्या जवळपास पोचेल, एवढीच ती आयडिया आहे, आणि पाण्याचा श्वास, ज्वाळेचा श्वास, विजेचा श्वास ही त्या तलवारबाजीची वेगवेगळी घराणी. इथे खूप जणांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो, नायक तांजिरोच्या तलवारीतून जे पाणी निघताना दिसतं ते खरं पाणी नाही. तिथे कोणी भिजत नाही. ती त्या वाराची लय आहे जी आपल्याला पाण्यासारखी दाखवलीये, जुन्या जपानी लाकडी छापचित्रांत लाटा काढायचे तशा जाड काळ्या रेषा आणि पांढरा फेस. त्याची बहीण नेझुकोची आग मात्र खरी आहे, कारण ती राक्षस आहे आणि तिच्याकडे रक्ताची विद्या आहे.

तांजिरोच्या सोबतचा झेनित्सू, त्याचं उदाहरण घ्या, सगळ्यात स्वच्छ उदाहरण तेच आहे. विजेच्या श्वासाचे सहा प्रकार, त्यातला याला एकच येतो, पहिला. बाकीचे पाच कितीही घासले तरी जमलेच नाहीत. त्याचे म्हातारे गुरू त्याला सांगतात की एकच येतो ना, मग तोच एवढा घास की त्याच्यापुढे कोणी टिकू नये. आणि जाळं विणणाऱ्या कोळ्यांच्या डोंगरावर अंगात विष भिनलेलं असताना हा रडका पोरगा झोपेत तोच एक वार सलग सहा वेळा मारतो आणि बघताना अंगावर काटा येतो. नवीन डाव काही नाही, नवीन माहिती काही नाही, होतं तेच आणखी जोरात आणि आणखी वेगात. डीमन स्लेयरची अख्खी फाईट-फिलॉसॉफी ह्या एका सीनमध्ये आहे.

आणि तो १९ वा एपिसोड, ज्याने ह्या मालिकेचं नशीब पालटलं. ऑगस्ट २०१९, तांजिरो विरुद्ध रुई नावाचा राक्षस. रुईचे धागे पोलादापेक्षा कडक, तांजिरोची तलवार मोडलेली, पाण्याचे सगळे प्रकार वापरून झालेले, आणि मरायच्या टोकाला आल्यावर त्याला आठवतात आजारी वडील, जे दरवर्षी बर्फात संध्याकाळपासून उजाडेपर्यंत देवापुढे नाचायचे आणि थकायचे नाहीत, कारण त्यांना श्वास कसा घ्यायचा ते माहीत होतं. मग तो नाचाचा श्वास तलवारीत उतरतो, पाण्याच्या जागी आग येते, इकडे आई नेझुकोच्या मनात येऊन तिला जागं करते, नेझुकोचं रक्त धाग्यांवर पेटतं, आणि मागे गाणं सुरू होतं. आता थंड डोक्याने बघितलं तर ही चीटिंग आहे, ऐन वेळी बापाची आठवण आली आणि पॉवर वाढली. पण चीटिंग वाटत नाही, कारण ह्या जगात ताकद येतेच घरच्यांकडून. बापाने मुलाला दिलं, गुरूने शिष्याला दिलं, मरणाऱ्याने जगणाऱ्याला दिलं. वारसा हाच इथला पॉवर सिस्टीम आहे, श्वास फक्त त्याचं वाहन.

जुजुत्सु काइसेनमध्ये हे चालत नाही. तिथे घरच्यांची आठवण आली तर मेलात. खरंच, पुढे सांगतो.

तिथली ताकद येते शापशक्तीतून, आणि शापशक्ती येते माणसाच्या वाईट भावनांतून, राग, भीती, लाज, पश्चात्ताप. सामान्य माणसांमधून ही गळत राहते, साचते आणि त्याचे शाप, म्हणजे राक्षसासारखे जीव, तयार होतात, म्हणून शाळा, हॉस्पिटलं, जिथे लोकांच्या कडू आठवणी जास्त तिथे शाप जास्त. मांत्रिक म्हणजे ज्याला ही गळती आवरता येते आणि वापरता येते. इथपर्यंत सोपं आहे. गंमत पुढे सुरू होते, कारण प्रत्येक मांत्रिकाचं तंत्र वेगळं आणि जन्मजात, आणि प्रत्येक तंत्राला अटी आहेत, आणि अटींवर सौदा करता येतो. हा सौदा म्हणजे बंधन-करार. मी स्वतःवर एक बंधन घालतो, त्या बदल्यात मला दुसरीकडे जास्त ताकद मिळते. अगदी साधा सौदा म्हणजे आपलं तंत्र शत्रूला समजावून सांगणं. म्हणजे तुम्हाला जे वाटतं ना की हे लोक फाईट थांबवून लेक्चर का देतायत, ते लेक्चर हाच एक डाव आहे, गुपित सोडलं म्हणून वार जड होतो. लेखकाने ॲनिमेतली एक जुनी खोड उचलून तिचाच नियम करून टाकला, हे मला फार आवडलंय.

नानामी नावाच्या मांत्रिकाचं बघा. सूटबूट, चष्मा, पूर्वी शेअर-बाजारवाल्या कंपनीत नोकरी केलेला, नोकरीला शिव्या घालणारा आणि कामाच्या वेळा पाळणारा. त्याचं तंत्र असं की समोरच्याची लांबी तो मनातल्या मनात दहा भागांत वाटतो आणि सात आणि तीनच्या मधल्या रेषेवर वार बसला की ती जागा जबरदस्तीने कमकुवत होते. हात असो, पाय असो, भिंत असो. ही एक गोष्ट झाली. दुसरी गोष्ट म्हणजे त्याने स्वतःवर वेळेचं बंधन घातलंय, दिवसभर तो आपली शक्ती आवळून वापरतो आणि ड्युटीची वेळ संपली, संध्याकाळचे सहा वाजले, की ओव्हरटाईम सुरू आणि ताकद वाढते. हसू येतं, पण कॅरेक्टर आणि नियम इतके एकजीव झालेले दुसरीकडे कमीच बघायला मिळतात. झेनित्सू जास्त जोरात मारून जिंकतो, नानामी सहा वाजेपर्यंत तग धरून मग जिंकायला निघतो. दोघांत वाट बघणं आहे, पण एकाचं अंगात आहे आणि दुसऱ्याचं करारात.

आता डोमेन एक्स्पान्शन, ज्याच्यापाशी निम्मी जनता मान हलवत बसते आणि समजल्याचा आव आणते. कबड्डीत चढाई करणारा समोरच्याच्या अंगणात जातो तेव्हा एकटा असतो, तिथे सात जण त्याला धरायला टपलेले असतात आणि दम संपायच्या आत त्याला परत यायचं असतं. डोमेन म्हणजे तुम्ही चढाईला जातच नाही, उलट आपलं अंगण उचलून समोरच्याच्या अंगावर टाकता. चारही बाजूंनी बंद आवरण, आत तुमच्या मनातलं जग, आणि त्या जगात तुमचं तंत्र चुकतच नाही, नेम धरायची गरजच नाही. वाचायचे मार्ग तीन-चारच, एकतर तुम्ही पण तुमचं डोमेन उघडा आणि ज्याचं जास्त घट्ट तो जिंकला, नाहीतर अंगाभोवती छोटं साधं कवच करून वेळ काढा, नाहीतर पळा. आणि किंमत पण आहे, शक्ती प्रचंड जाते आणि डोमेन संपलं की काही काळ तुमचं तंत्र जळाल्यासारखं बंद पडतं. म्हणजे हुकमाचा पत्ता आहे पण टाकल्यावर तुम्ही उघडे पडता.

डोमेन उघडताना ते बोटांची जी खूण करतात ती उगाच स्टाईल म्हणून नाहीये. त्या बौद्ध मुद्रा आहेत, ज्या भारतातून चीनमार्गे जपानला गेल्या. हजार वर्षं जुना खलनायक सुकुना, त्याची मुद्रा एन्माची, म्हणजे आपला यम, आणि गोजोची ताइशाकुतेनची, म्हणजे आपला इंद्र. आता सगळ्या मांत्रिकांत सगळ्यात ताकदवान, देखणा, थोडा जास्तच माजलेला असा जो आहे त्याला नेमकी इंद्राची मुद्रा द्यावी, याहून चपखल काय असणार. आपल्याकडच्या पुराणातला इंद्र पण असाच, देवांचा राजा आणि स्वतःच्याच वागण्याने गोत्यात येतो.

गोजो गोत्यात कसा येतो ते जरा जवळून बघू, कारण मला विचाराल तर ॲनिमेतला सगळ्यात हुशारीने लिहिलेला पराभव हाच आहे. त्याचं अमर्याद तंत्र असं की त्याच्या आणि तुमच्या हाताच्या मधलं अंतर अर्धं होत जातं, मग त्याचं अर्धं, मग त्याचं अर्धं, आणि कधीच शून्य होत नाही. तुमचा हात त्याला लागतच नाही. अशा माणसाला हरवायचं कसं? मारायचा प्रयत्नच करायचा नाही, असं शत्रू ठरवतो. ३१ ऑक्टोबर २०१८, हॅलोविनची रात्र, शिबुया स्टेशन, जमिनीखाली पाचव्या मजल्यावरचा प्लॅटफॉर्म माणसांनी खच्चून भरलेला, आणि त्या गर्दीत गोजो. मोठं काही वापरलं तर माणसं मरतात. म्हणून तो काय करतो, तर फक्त ०.२ सेकंदासाठी डोमेन उघडतो. त्याच्या डोमेनमध्ये मेंदूत अनंत माहिती ओतली जाते आणि माणूस जागच्या जागी गोठतो, तर साधी माणसं ज्याच्यातून वाचतील असा त्याचा अंदाज आहे तो हा ०.२ सेकंद. मग सगळे गोठलेले असताना तो शत्रूने आणलेली, रूप बदलून राक्षस केलेली एक हजार माणसं २९९ सेकंदांत संपवतो. आकडा नीट बघा, पाच मिनिटाला एक सेकंद कमी. श्वास घ्यायला पण वेळ नाही.

आणि तेव्हा समोर एक छोटा चौकोनी डबा उघडतो. कारागृह-क्षेत्र. ह्यात कोणालाही बंद करता येतं, अट एकच, त्या माणसाने डब्यापासून चार मीटरच्या आत एक मिनिट थांबायला हवं. गोजोला एक मिनिट कोण थांबवणार? पण मागून आवाज येतो आणि तो वळतो, तर गेतो उभा. त्याचा एकुलता एक जिवलग मित्र, ज्याला त्याने स्वतःच्या हाताने मागच्या वर्षी संपवलं होतं. गोजोच्या डोक्यात कॉलेजची तीन वर्षं एका क्षणात पळतात. आणि अटीत कुठेही म्हटलेलं नाही की मिनिट घड्याळातलं हवं, ते डोक्यातलं चालतं. डोक्यात मिनिट कधीच उलटून गेलेलं असतं. संपला विषय. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस एका वाक्याच्या व्याख्येत अडकतो.

तांजिरोला बापाची आठवण येते आणि तो वाचतो, गोजोला मित्राची आठवण येते आणि तो पकडला जातो. मी वर म्हटलं ते हेच.

सुकुना आणि महोरागा नावाच्या अजस्र राक्षसाची फाईट पण ह्याच चालीची, फक्त तिथे आरडाओरडा जास्त आहे आणि इमारती जास्त पडतात. महोरागाच्या डोक्यावरचं चाक फिरलं की त्याने तुमचा वार पचवलाय असं समजायचं, परत तोच वार लागू पडत नाही. म्हणजे त्याला हळूहळू मारताच येत नाही, त्याला जुळवून घ्यायला वेळ मिळायच्या आत एका दणक्यात संपवावं लागतं. सुकुनाचं डोमेन तर बंद आवरणाशिवायचं, उघडं, आणि समोरच्याला पळायला वाट मोकळी ठेवली ह्याच सौद्यावर त्याचा पल्ला जवळपास २०० मीटरपर्यंत जातो. पळायला वाट आहे हे खरं, पण पळून किती पळणार. त्या रात्री त्याने तो पल्ला १४० मीटरवर ठेवला कारण मेगुमी हा तरुण मांत्रिक जवळ बेशुद्ध पडला होता आणि तो त्याला जिवंत हवा होता, आणि त्या १४० मीटरच्या आतल्या माणसांचं काय झालं ते बघून युजी, म्हणजे ज्याच्या अंगात सुकुना राहतो तो नायक, नंतर जसा कोसळतो ते बघवत नाही.

तर ज्यांना जुजुत्सु डोक्यावरून जातं त्यांना मी एवढंच म्हणेन की मारामारी बघू नका, अटी ऐका. कोण काय म्हणाला, कोणती गोष्ट करता येत नाही असं सांगितलं, ते लक्षात ठेवा, कारण पाच मिनिटांनी नेमकं तिथूनच कोणीतरी पळवाट काढणार असतं. आणि डीमन स्लेयर बघताना उलटं करा, टेक्निकचं नाव विसरलात तरी चालतंय, चेहरे बघा.

आता ॲनिमेशन. ‘यूफोटेबलचं बजेट जास्त आहे’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की कान किटले. फाईट बनते कशी ते थोडक्यात, आधी स्टोरीबोर्ड, म्हणजे सीनचा कच्चा चित्र-आराखडा, मग मुख्य चित्रं काढणारे ॲनिमेटर, मग त्यांच्या मधल्या फ्रेम्स भरणारे, मग रंग, पार्श्वभूमी, आणि शेवटी कंपोझिटिंग, जिथे हे सगळे थर एकावर एक ठेवून प्रकाश, धूर, ठिणग्या, कॅमेऱ्याची हालचाल चढवतात. यूफोटेबलची खरी ताकद ह्या शेवटच्या टप्प्यात आहे. त्यांचे कंपोझिटिंगचे प्रमुख यूइची तेराओ, आणि थ्रीडी, पार्श्वभूमी, कंपोझिटिंग हे बरंचसं काम घरातच होतं, बाहेर फार जात नाही. त्यामुळे हाताने काढलेली लाट आणि कॉम्प्युटरवर बनवलेलं जंगल एकमेकांत असं मुरतं की जोड दिसत नाही. म्हणून डीमन स्लेयरचा कुठलाही एपिसोड घ्या, दिसायला एकसारखाच गुळगुळीत.

मापाचं गणित वेगळं आहे. तिथे, विशेषतः २०२३ च्या दुसऱ्या सीझनमध्ये, दिग्दर्शक शोता गोशोझोनो स्वतः ॲनिमेटर, आणि एकेका ॲनिमेटरला एकेक तुकडा देऊन त्याच्या हाताची ओळख तशीच ठेवलेली दिसते. म्हणून एका सीनमध्ये रेषा बारीक आणि कोरीव, पुढच्या सीनमध्ये एकदम रखरखीत, चेहरा ओळखू येत नाही पण वेग असा की खुर्ची धरावी लागते. काही लोकांना हे ‘क्वालिटी पडली’ वाटलं, मला वाटतं की ज्या गोष्टीत प्रत्येकाचं तंत्र वेगळं आहे तिला हे शोभून दिसतं. पण ह्याची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये, महोरागाचा एपिसोड आला त्या सुमारास, त्यावर काम केलेल्या ॲनिमेटर्सनीच सोशल मीडियावर शेड्यूलबद्दल उघड नाराजी लिहिली. दर आठवड्याला टीव्हीवर जायचंच असतं, तारीख हलत नाही, मग हलतात माणसं. आपण इथे ‘पीक फिक्शन’ म्हणून क्लिप फिरवत होतो आणि तिकडे ती काढणारे झोपले नव्हते.

पैशाची रचना पण बघण्यासारखी आहे. जपानमध्ये बहुतेक ॲनिमेला एक निर्मिती समिती पैसे देते, प्रकाशक, टीव्ही चॅनेल, म्युझिक कंपनी, खेळणीवाले असे बरेच जण, आणि स्टुडिओला पुष्कळदा ठरलेली रक्कम मिळते, मालिका तुफान चालली तरी वरची मलई त्यांच्याकडे फारशी येत नाही. डीमन स्लेयरच्या शेवटी येणारी हक्कांची ओळ वाचा, लेखकाच्या नावानंतर प्रकाशक शुएइशा, ॲनिमेची निर्माती कंपनी ॲनिप्लेक्स आणि यूफोटेबल, तिघंच. स्टुडिओ स्वतः मालकीत बसलाय. जुजुत्सुच्या शेवटी ‘जुजुत्सु काइसेन निर्मिती समिती’ असं येतं. मुगेन ट्रेन हा सिनेमा ऑक्टोबर २०२० मध्ये आला आणि एकट्या जपानमध्ये ४,००० कोटी येनच्या वर गेला, तिथल्या तेव्हापर्यंतच्या सगळ्या सिनेमांच्या पुढे, तेव्हा तिघांतच वाटणी असण्याचा अर्थ काय होतो ते तुम्हीच समजून घ्या. घाई न करता, कथेचा एकेक भाग पुरता तयार करून मगच बाहेर काढायची ऐपत अशी येते.

पण सगळ्यात मोठा फरक मला दोन मरणांत दिसतो. डीमन स्लेयरमधला ज्वाळेच्या श्वासाचा तलवारबाज रेंगोकू आणि जुजुत्सुमधला नानामी. दोघं मोठे, जबाबदार, धाकट्यांच्या पुढे उभे राहणारे.

रेंगोकू आकाझा नावाच्या राक्षसाशी लढतो, डोळा जातो, बरगड्या मोडतात, आकाझा त्याला पुन्हा पुन्हा सांगतो की राक्षस हो, मरणार नाहीस, आणि हा नाहीच म्हणतो. शेवटी आकाझाचा हात याच्या पोटातून आरपार आहे आणि हा तो हात सोडत नाही, कारण पूर्वेला उजाडायला लागलंय. आकाझा स्वतःचे हात तोडून सावलीत पळतो. तांजिरो त्याच्या मागे तलवार फेकून ओरडतो की पळतोस कुठे भित्र्या, रेंगोकू हरला नाही, त्याने एकालाही मरू दिलं नाही. रेंगोकू ते ऐकून हसतो. मग त्याला आई दिसते, तो विचारतो मी नीट केलं ना, आणि ती म्हणते की हो, फार छान केलंस. उजेडात, गुडघ्यावर बसलेला, हसत मेलेला माणूस. आणि पुढे कित्येक एपिसोड त्याचे शब्द तांजिरोला उभं करतात.

नानामी शिबुयाच्या भुयारात अर्धा जळालेला चालतोय. एक डोळा नाही. डोक्यात मलेशिया आहे, क्वांतानचा समुद्र, तिथे घर बांधून न वाचलेली पुस्तकं वाचायची होती. समोर माणसांचे राक्षस, तो यंत्रासारखा कापत जातो. मग माहितो नावाच्या शापाचा हात छातीवर येतो. त्याला पण कोणीतरी दिसतं, शाळेत असताना मेलेला हाइबारा, आणि तो काही न बोलता बोट दाखवतो, बोटाच्या टोकाला युजी उभा. नानामीला कळतं की आता मी काही बोललो तर ते ह्या पोराच्या गळ्यात पडेल. बोलू नये. आणि तरी तो बोलतो, पुढचं तुझ्यावर सोपवतो. आणि पुढच्या क्षणी तो नसतोच, युजीच्या डोळ्यांसमोर.

दोन्हीकडे मरणारा जिवंत असलेल्याला काहीतरी देऊन जातो. एकीकडे ती मशाल आहे, दुसरीकडे शाप, आणि देणाऱ्याला ते माहीत आहे. युजीच्या आजोबांनी पहिल्याच एपिसोडमध्ये सांगितलं होतं, माणसांना मदत कर आणि माणसांच्या गराड्यात मर, आणि पोरगा अख्खी मालिका ते ओझं वाहतोय.

खलनायकांचं पण तसंच. डीमन स्लेयरमध्ये राक्षस मरताना त्याचं माणूसपण परत येतं. रुईच्या उरलेल्या कपड्यावर तांजिरो हात ठेवतो, वरिष्ठ तलवारबाज गियू त्याच्यावर पाय देतो तेव्हा तांजिरो म्हणतो पाय काढा, तो पण कधी माणूस होता. जुजुत्सुत माहितोला असलं काही मिळत नाही, तो माणसाच्या माणसाबद्दलच्या द्वेषातून जन्मला आणि शेवटी गयावया करत पळतो. बरं तिथे दया अजिबात नाही असं पण नाही, पहिल्या सीझनच्या शेवटी एसो आणि केचिझू या भावांना मारल्यावर युजी सांगतो की भाऊ मेल्यावर एसो रडत होता, आणि युजी आणि त्याची साथीदार नोबारा दोघं गप्प होतात. फक्त त्या दयेने काही सुटत नाही.

दोष दोघींत आहेत. डीमन स्लेयरमध्ये फाईट रंगात आली की फ्लॅशबॅक, परत फाईट, परत फ्लॅशबॅक, इन्फिनिटी कॅसलच्या सिनेमात तर अडीच तासांत काही जणांनी थिएटरात घड्याळ बघितलं असणार. हाशिरा ट्रेनिंग हा सीझन आठ एपिसोड ताणलाय, त्यात मांगाचा मजकूर जेमतेम. आणि झेनित्सूचं किंचाळणं, असो. जुजुत्सुमध्ये उलटी तक्रार, श्वास घ्यायला जागा नाही, मुलींची पात्रं सुरुवातीला जोरात येतात आणि मग गोष्टीतून बाजूला पडतात, नियमावर नियम चढत जातात आणि मांगाच्या शेवटच्या भागात तर फाईट चालू आहे की वकिली हेच कळेना झालं.

तर आता कुठून बघायचं. डीमन स्लेयर पहिला सीझन, २६ एपिसोड. सुरुवातीला हळू वाटेल, १९ व्यापर्यंत जा, तिथे पण पटलं नाही तर सोडून द्या, तुमच्यासाठी नाहीये. मग मुगेन ट्रेन, सिनेमाच बघा, टीव्हीवरचे सात एपिसोड म्हणजे तोच सिनेमा कापून, सुरुवातीला नवा एक एपिसोड जोडलेला. मग एंटरटेनमेंट डिस्ट्रिक्ट, स्वोर्डस्मिथ व्हिलेज, हाशिरा ट्रेनिंग आणि मग इन्फिनिटी कॅसलचा पहिला सिनेमा, जो भारतात १२ सप्टेंबर २०२५ ला थिएटरात आला, हिंदी, तमिळ, तेलुगू डबमध्ये सुद्धा. मराठीत नाही, पण सबटायटल वाचत जपानीतच बघा, रेंगोकूचा आवाज डबमध्ये मिळणार नाही.

जुजुत्सु पहिला सीझन २४ एपिसोड, मग जुजुत्सु काइसेन झिरो हा सिनेमा, तो चुकवू नका कारण गेतो आणि गोजोचं काय झालं ते तिथे आहे आणि त्याशिवाय शिबुयातलं ते एक मिनिट तुम्हाला लागणारच नाही. मग दुसरा सीझन, त्याचे पहिले पाच एपिसोड २००६ च्या काळातले आहेत, उन्हाळा, समुद्र, दोन मित्र, सगळं निवांत. लोकं म्हणतात बोअर आहे, पुढे ढकला. ढकलू नका.